यंत्र असईला उतरलं असतं तर?

आज आनेकलहून जरा वेगळी सुरुवात करतो, एका विनोदी सिनेमाने. बीबीसीची ‘ब्लॅकअ‍ॅडर’ ही मालिका १९८३ ते १९८९ या काळात आली. पर्व बदललं की काळ बदलायचा, पण तोच बेरकी नायक आणि तोच त्याचा बावळट बाल्ड्रिक. तिच्यावरून १९९९ साली ‘ब्लॅकअ‍ॅडर: बॅक अँड फोर्थ’ हा अर्ध्या तासाचा सिनेमा निघाला. मित्रांना गंडवायला केलेलं खोटं कालयंत्र खरंच चालतं, आणि वॉटर्लूला थेट वेलिंग्टनच्या अंगावर उतरतं. वेलिंग्टन ठार! परतल्यावर बघतात तर ब्रिटनवर फ्रेंचांचं राज्य.

मी पोटभर हसलो. मग आठवलं, हा वेलिंग्टन म्हणजे आपला आर्थर वेलस्ली. १७९९ मध्ये इथून जवळच्या केलमंगलमच्या वाटेने श्रीरंगपट्टणवर गेलेल्या फौजेत तो होता. चार वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला तो शिंदे-भोसल्यांसमोर उभा राहिला.

वाटाडे म्हणाले, केळणेला इथे उतार नाही. वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. गावं अशी वसली म्हणजे मधून ये-जा असणारच! फौजेत उमेदवारी करणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगायचो. उतार सापडला. तो ओलांडताना तोफेच्या गोळ्याने त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं उडवलं. गोळा हातभर इकडे आला असता तर यंत्राची गरजच नव्हती.

आपले गोलंदाज तर मेल्याचं सोंग घेऊन पडले, आणि इंग्रज पुढे सरकताच उठून मागून तोफा डागू लागले. कंपनीचे मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून दीड हजारांवर गेले. पुढे वॉटर्लू जिंकूनही वेलिंग्टन आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा.

तरी मी यंत्र असईला नेणार नाही. तो मेला असता तर दुसरा सेनापती आला असता. यशवंतराव होळकर त्या दिवशी रणात नव्हते, आणि बाजीरावाने तर ३१ डिसेंबर १८०२ लाच वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पुण्यात बोलावली होती. उतरायचं तर वसईला, शाई वाळायच्या आत. अर्थात बाल्ड्रिक चालवणार असेल, तर आपण बहुधा अर्नाळ्याच्या खाडीत पडू.