भुकेचे मोजमाप आणि शास्त्रीय संस्थेचे नेतृत्व

सातारा व सांगली हे दोन जिल्हे एकाच जुन्या सातारा जिल्ह्यातून निर्माण झाले. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशाच्या पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. या दोहोंची सरासरी काढल्यास जो आकडा येईल, तो त्यांपैकी कोणत्याच गावचा पाऊस नव्हे. सरासरी आणि प्रत्यक्ष माणूस यांतील हेच अंतर खटाव तालुक्यातील बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या संशोधनाचा मुख्य विषय ठरले.

या भागात आरोग्यकार्याची एक परंपरा पूर्वीपासून होती. विल्यम वान्लेस यांनी मिरजेस १८९४ साली रुग्णालय सुरू केले. तथापि रुग्णालय आपल्या दारी येणाऱ्या रुग्णास पाहते. जो दारी येतच नाही, त्याचे आरोग्य जाणण्यास गणनेचीच कास धरावी लागते. सुखात्मे यांचा मार्ग हा दुसरा होय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९३६ साली डॉक्टरेट संपादन करून ते परतले, १९३९ साली कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढील वर्षी कृषि-संशोधन परिषदेत गेले. वरवर पाहता हा क्षेत्रबदल वाटतो. परंतु लोकांस काय खावयास मिळते हे ठाऊक नसता त्यांच्या आरोग्याची चर्चा निराधार होते, आणि काय खावयास मिळते हे पिकाच्या अंदाजावर अवलंबून असते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने हे अंदाज किती अविश्वसनीय होते ते दाखवून दिलेच होते.

प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकड्यांतील पीक कापून उत्पन्नाचा अंदाज करीत. तुकडा लहान असला की सीमेवरील रोपे मोजणीत घेण्याची कापणाऱ्याची प्रवृत्ती होते व अंदाज फुगतो, असे सुखात्मे यांनी १९४६ साली दाखविले. फुगलेला अंदाज म्हणजे कागदावर धान्य आणि घरात उपवास. म्हणून केवळ तांत्रिक दिसणारा हा वाद अन्नवाटपाच्या धोरणाशी जाऊन भिडत होता.

३ जानेवारी १९४७ रोजी भारतीय कृषि-संख्याशास्त्र संस्था स्थापन झाली. तत्कालीन अन्न व कृषिमंत्री डॉ. राजेंद्रप्रसाद हे तिचे अध्यक्ष आणि सुखात्मे हे पहिले चिटणीस झाले. राजेंद्रप्रसाद १९६३ पर्यंत, म्हणजे राष्ट्रपतिपदाच्या काळातही, अध्यक्ष राहिले. अशा व्यवस्थेत अध्यक्षपद संस्थेस प्रतिष्ठा देते. शास्त्रीय शिस्त मात्र चिटणिसास घडवावी लागते. संस्थेच्या नियतकालिकास हिंदी पुरवणी जोडण्यात आली, ही गोष्ट भाषाभ्यासकांनी विशेष ध्यानी घ्यावी अशी आहे. पाहणीच्या आकड्यांवर निर्णय ज्यांच्यासाठी घ्यावयाचे, त्यांच्या भाषेत त्या आकड्यांची कारणमीमांसा मांडता आली पाहिजे, हा विचार त्यामागे दिसतो.

१९५१ साली सुखात्मे रोम येथील अन्न व कृषि संघटनेत गेले व १९७० पर्यंत तिच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगातील दोन-तृतीयांश लोक भुकेले आहेत, हे विधान त्या काळी सर्वतोमुखी होते. १९६१ साली त्यांनी 'भूक' या एका शब्दात मिसळलेल्या दोन कल्पना वेगळ्या केल्या. अल्पपोषण म्हणजे उष्मांकांची तूट, आणि कुपोषण म्हणजे आहाराच्या गुणवत्तेतील उणीव. पहिल्याचे प्रमाण त्यांनी दहा ते पंधरा टक्के ठरविले. दोन्ही मिळून ते निम्म्या लोकसंख्येपर्यंत पोचते असे मांडले. संज्ञा काटेकोर करताच आकडा बदलला.

पुढील वाद मात्र अधिक बोचरा ठरला. साताऱ्यातच १९२० साली जन्मलेले वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली दरडोई, दररोज २,२५० उष्मांक हे प्रमाण धरून ग्रामीण भागात चाळीस व नागरी भागात पन्नास टक्के लोक दारिद्र्यात असल्याचा निष्कर्ष काढला. सुखात्मे यांचे म्हणणे असे, की गरज माणसामाणसांत आणि एकाच माणसात दिवसादिवसाला बदलते. सरासरी हीच सीमा मानल्यास निरोगी माणसांपैकीही सुमारे निम्मी अल्पपोषित ठरतील. म्हणून सीमा सरासरीहून दोन प्रमाण-विचलने खाली घ्यावी. १९८० नंतरच्या काही वर्षांत दांडेकर यांनी या सीमेस हरकत घेतली. डॉ. सी. गोपालन यांनीही कमी आहाराशी जुळवून घेतलेल्या खुज्या शरीरास निरोगी म्हणण्यास विरोध केला. कमी खाऊन कमी काम करणारा मजूर समतोल साधतो असे म्हणावे, की तो हरला असे म्हणावे, हा प्रश्न केवळ गणिताने सुटणारा नव्हता.

सुखात्मे यांचे उत्तर धान्यापुरते मर्यादित नव्हते. दूषित पाण्याने रोगग्रस्त झालेले शरीर खाल्लेले अन्नही पचवू शकत नाही. सबब स्वच्छ पाणी व स्वच्छता हाही पोषणाचाच भाग होय, असा त्यांचा उत्तरायुष्यातील आग्रह होता. १९९५ साली दांडेकर व १९९७ साली सुखात्मे निवर्तले. सीमारेषेचा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला.

यावरून शास्त्रीय संस्थेच्या नेतृत्वाविषयी एक निष्कर्ष काढता येतो. मोजमापाची रीत उघड मांडणे, तीतील गृहीतके विरोधकास तपासू देणे आणि आपल्या मताविरुद्ध जाणाऱ्या युक्तिवादासही त्याच पद्धतीने वाट ठेवणे, हे अशा नेतृत्वाचे खरे काम होय. संस्थेने घालून दिलेल्या शिस्तीमुळे भुकेल्या माणसाची संख्या एकमताने ठरतेच असे नाही. पण ती कोणत्या गृहीतकामुळे वाढली वा घटली, हे लपत नाही. ज्याचे धान्य त्या संख्येवर ठरते, त्याच्या दृष्टीने हे थोडके नव्हे.