शेपटीच्या पिसांत लिहिलेले वय

अबुल फजल याचा 'आईन-ए-अकबरी' हा ग्रंथ आपल्यापैकी बहुतेकांना निदान नावाने तरी ठाऊक असतो. जमीनमहसूल, टांकसाळ, मनसबदारी यांच्या माहितीसाठी इतिहासाचे विद्यार्थी तो चाळतात. परंतु याच ग्रंथात शिकारी पक्ष्यांविषयीही एक भाग आहे. त्यात बाजांच्या किमतीसंबंधी जे लिहिले आहे, ते मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखे आहे.

अबुल फजल सांगतो की, हौसेपायी आणि अनुभव नसल्यामुळे लोक शिकारी पक्ष्यांना भलतीच किंमत देऊन बसतात. व्यापाऱ्याला वाजवी नफा मिळावा, पण गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये, या न्यायबुद्धीने बादशहाने किमती ठरवून दिल्या. त्यासाठी पक्ष्यांचे तीन वर्ग पाडले. पहिला 'खानाकुरीज', म्हणजे जाणत्या बाजदाराच्या हाताखाली असताना ज्याने जुनी पिसे टाकून नवी घेतली तो. दुसरा 'चूज', म्हणजे ज्याने अजून एकदाही पिसे टाकलेली नाहीत असे पहिल्या वर्षाचे पोर. तिसरा 'तरीनाक', म्हणजे रानात असतानाच पिसे बदलून मग जाळ्यात सापडलेला. 'कुरीज' या फारसी शब्दाचा अर्थच पिसे गाळणे असा आहे. बाजाचे मोल मोहरांत होत असे. खानाकुरीज सर्वांत महाग, चूज त्याखालोखाल आणि तरीनाक सर्वांत स्वस्त, असा क्रम होता.

आता विचार करा. पक्ष्याला जन्मतारखेचा दाखला नसतो. विकणारा सांगेल ते खरे मानावे, तर फसण्याची शक्यता. मग घेणाऱ्याने वर्ग ओळखावा कसा? त्याचे उत्तर पक्ष्याच्या अंगावरच लिहिलेले असे, आणि त्यातला फार मोठा मजकूर शेपटीत असे.

शिकारी पक्ष्याच्या शेपटीत सामान्यतः १२ पिसे असतात. मधली जोडी वर आणि बाकीची दोन्ही बाजूंना त्याखाली सरकलेली, मिटलेल्या पंख्यासारखी. घरट्यातील पिलाला ही १२ पिसे एकाच वेळी फुटतात आणि बरोबरीने वाढतात. त्यामुळे चूज पक्ष्याची शेपटी एका रंगाची, एका झिजेची, सगळी एका वयाची दिसते. पुढे साधारण वर्षाने तो पिसे बदलू लागला की ती एकदम जात नाहीत, क्रमाने जातात, बहुधा मधल्या जोडीपासून. अशा वेळी मध्ये नवी, गडद व अखंड पिसे आणि कडेला जुनी, विटलेली, टोकांशी झिजलेली पिसे असा मिश्र पंखा दिसतो. बऱ्याच जातींत पहिल्या वर्षाची शेपटी पुढच्या शेपटीपेक्षा किंचित लांबही असते.

शेपटीबरोबर छातीही पाहावी लागते. बाज, शिक्रा, बहिरी या सर्वांच्या पिलांच्या छातीवर उभे तपकिरी ठिपके किंवा रेघा असतात. वयात आल्यावर त्या जागी आडव्या रेघा येतात. खानाकुरीज आणि तरीनाक यांची पिसे मात्र दोघांचीही बदललेलीच. तेथे पक्ष्याची वागणूक पाहावी लागे. माणसाळलेला पक्षी हातावर शांत बसतो, रानातला प्रौढ पक्षी बुजतो.

हे दूरच्या दरबाराचेच ज्ञान आहे असे नाही. आपल्या गावच्या आमराईत, शाळेच्या आवारातील वडा-पिंपळावर जो शिक्रा दिसतो, त्याच्यावरही ते ताडून पाहता येते. वयात आलेला नर शिक्रा पाठीवर राखाडी असतो, त्याचे डोळे लालसर असतात आणि शेपटीची मधली जोडी जवळजवळ कोरी, पट्ट्यांविना असते. पिलू तपकिरी, पिवळ्या डोळ्यांचे आणि मधल्या पिसांसकट साऱ्या शेपटीवर पट्टे असलेले. सह्याद्रीच्या दाट झाडीत राहणारा बेसरा हा शिक्र्याचा भाऊबंद. दोघांची पिले भल्याभल्यांना चकवतात. तेथेही शेपटी उपयोगी पडते. बेसऱ्याच्या शेपटीवरील काळे पट्टे रुंद, जवळजवळ मधल्या फिकट जागेइतकेच. शिक्र्याच्या पिलाचे पट्टे त्यामानाने अरुंद.

अशी बारीक नजर एका पिढीत तयार होत नाही. तिच्यामागे अनेक शतकांची परंपरा आहे. पवित्र कुरआनातील सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकविलेल्या शिकारी जनावरांनी धरलेल्या शिकारीचा उल्लेख आहे. तेथे जनावराला शिकविण्याचे ज्ञानही अल्लाहनेच माणसाला दिलेल्या ज्ञानापैकी मानले आहे. बाजदाराच्या कामाला इल्मचा मान तेथूनच मिळाला.

उमय्या खलिफा हिशाम (इ. स. ७२४ ते ७४३) आणि दुसरा वलीद यांच्या पदरी गित्रीफ इब्न कुदामा अल्-गस्सानी हा शिकारखान्याचा प्रमुख होता. अब्बासी खलिफा महदी (इ. स. ७७५ ते ७८५) याच्या काळाच्या सुमारास त्याचे व अदहम इब्न मुहरिज याचे ज्ञान ग्रंथरूपात आले. शिकारी पक्ष्यांवरील अरबीतील अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. पुढे दहाव्या शतकात कुशाजिम या कवीने शिकारीवर ग्रंथ लिहिला. इजिप्तचा फातिमी खलिफा अजीज (इ. स. ९७५ ते ९९६) याच्या बाजदारानेही स्वतःच्या अनुभवावर पुस्तक रचले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हातावर बाज घेऊन फिरणारा माणूस आणि लेखणी धरणारा माणूस एकमेकांपासून दूर नव्हते.

हे ज्ञान युरोपात कसे गेले, तेही पाहण्यासारखे आहे. सिसिलीचा राजा व सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२२९ साली सुलतान अल्-कामिल याच्याशी लढाईवाचून तह केला, हे इतिहासात प्रसिद्ध आहे. पक्ष्याच्या डोळ्यांवर टोपी घालण्याची पद्धत आपण अरबांकडून घेतली, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. लॅटिनमध्ये 'मोआमीन' या नावाने ओळखला जाणारा अरबी ग्रंथ त्याने अँटिऑकच्या थिओडोर या विद्वानाकडून भाषांतरित करविला. हा थिओडोर मोसुल येथे कमालुद्दीन इब्न यूनुस या मुस्लिम पंडितापाशी शिकलेला होता. १२४०-४१ मध्ये फाएन्झा शहराला वेढा घालून बसला असतानाही फ्रेडरिकने ते भाषांतर तपासून दुरुस्त केले. मग त्याने स्वतःचा मोठा ग्रंथ लिहिला. ॲरिस्टॉटलविषयी आदर बाळगूनही, त्याने या विषयात ऐकीव गोष्टींवर विसंबून लिहिले आहे, असे फ्रेडरिकने स्पष्ट म्हटले. ग्रंथकार कितीही थोर असो, पक्षी डोळ्यांनी पाहिल्यावर जे दिसते ते आधी, हा त्याचा दंडक होता.

भारतात हीच वृत्ती बादशहा जहांगीर याच्या आत्मचरित्रात पानोपानी आढळते. १६१९ साली इराणच्या शाह अब्बासने एक दुर्मिळ शुंकार जातीचा ससाणा परी बेग या मीर शिकाराबरोबर पाठविला. वाटेत निष्काळजीपणामुळे त्याला मांजराने जखमी केले आणि दरबारात पोहोचल्यावर तो आठवडाभरही जगला नाही. जहांगीरने पंखांवरील, पाठीवरील व कुशीवरील काळ्या खुणांचे वर्णन लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराला त्याचे चित्र काढण्याची आज्ञा केली. पक्षी गेला, तरी त्याची नोंद राहिली. पुढे १६७४ मध्ये पश्तो कवी खुशाल खान खटक याने बाजनामा पद्यात लिहिला. १८६८ मध्ये इराणात तैमूर मिर्झाने 'बाजनामा-ए-नासिरी' रचला. त्याचे फिलट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९०८ साली प्रसिद्ध झाले.

या परंपरेच्या खुणा आपल्या मराठीतही आहेत. बहिरी ससाणा ऐकू न येणारा असतो, असा काहींचा समज होतो. वास्तविक हे नाव अरबी 'बहर' म्हणजे समुद्र या शब्दावरून आले आहे. बहरी म्हणजे समुद्राकडचा. बाज आणि शिकार हे शब्दही फारसीच्या वाटेने आपल्या घरात आले. या पक्ष्यांत मादी नराहून मोठी व शिकारीला अधिक उपयोगी असते. म्हणून बाजदारांच्या बोलीत मुख्य नाव मादीचे, आणि नराला वेगळे नाव: बाजाचा नर तो जुर्रा, शिक्र्याचा नर तो चिपक.

दरबार गेले, बंदुका आल्या आणि बाजदारी मागे पडली. बिहारमधील मीरशिकार जमातीकडे पक्षी ओळखण्याची व धरण्याची विद्या पिढ्यान्पिढ्या होती. त्यांच्या पूर्वजांच्या धंद्यावर बाजनामे लिहिले गेले. त्यांच्या मुलांच्या हाती मात्र फार क्वचित पुस्तक आले. १९५९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी पायांत कडी घालण्याची मोठी योजना हाती घेतली. तेव्हा पक्ष्याला इजा न होता त्याला धरण्यासाठी याच मीरशिकारांची मदत घ्यावी लागली. या योजनेच्या प्रमुखस्थानी होते डॉ. सालिम अली (१८९६ ते १९८७). पदवी नसल्याने ज्यांना उमेदीच्या वयात झूलॉजिकल सर्व्हेची नोकरी मिळाली नाही, त्या सालिम अलींनी १९२७-२८ मध्ये मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर संस्थेच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली होती. जहांगीरची वही आणि मीरशिकाराचा हात यांची गाठ त्यांच्या कामात पुन्हा पडली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शेपटीत वयाखेरीज आणखी एक गोष्ट लिहिलेली असते. पिलू घरट्यात असताना त्याची उपासमार झाली, तर त्या दिवसांत वाढणाऱ्या पिसांवर एक बारीक आडवी रेघ उमटते. बाजदार ती भुकेची रेघ म्हणून ओळखीत. सर्व पिसे एकदमच वाढत असल्याने ती रेघ पूर्ण शेपटीवर एकाच पातळीत, दोरी धरल्यासारखी दिसते. पिलू पुढे कितीही धष्टपुष्ट झाले, तरी त्या ठिकाणी पीस कमजोर राहते आणि ऐन झडपेच्या वेळी तेथेच मोडते. जाणता बाजदार त्याबद्दल पक्ष्याला दोष देत नसे. मोडलेल्या पिसाच्या जागी दुसरे पीस सुईने सांधून तो पक्ष्याला पुन्हा उडता करी. पुढच्या कुरीजमध्ये पोटभर खाऊ घातले की नवे पीस निर्दोष येई. खानाकुरीज पक्ष्याचे मोल सर्वांत जास्त का, हे यावरून ध्यानात यावे. ते मोल पक्ष्याचे होते, तसेच त्याला सांभाळणाऱ्या हाताचेही होते.

पालकांनो, आपल्या मुलांपैकी किती जणांच्या बालपणात अशी रेघ उमटलेली असते! फी न भरल्याने बुडालेले वर्ष, वडिलांच्या आजारपणात सुटलेली शाळा, दुकानावर गेलेली संध्याकाळ. परीक्षेच्या वेळी मूल नेमके तेथेच मोडते आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो. ती रेघ ओळखणे आणि नवे पीस येईपर्यंत हात न सोडणे, हे घराचे आणि शाळेचे काम आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्षी पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु पाहण्याला बंदी नाही. घरच्या कोंबडीचे गळलेले पीस उजेडात तिरपे धरून पाहा. त्यावर फिकट-गडद अशा अगदी बारीक आडव्या रेघा दिसतील. अशी एक जोडी म्हणजे साधारण एका दिवसाची वाढ. त्या मोजा आणि वहीत लिहा. तुमचे वडील विणकर असोत, खाटीक असोत की दर्यावर जाणारे असोत, त्यांच्या हातातही अशीच एखादी विद्या आहे. ती त्यांना विचारा आणि तीही लिहून ठेवा. गित्रीफचे नाव आज बाराशे वर्षांनंतर आपण घेतो, ते त्याच्या हातातली विद्या कागदावर उतरली म्हणूनच.