काचपात्रातला अडुळसा

दख्खनकडे कुंपणाला अडुळसा लावतात. गुरे त्याला तोंड लावत नाहीत. पाने नुसती चेचली तर रस फारसा सुटत नाही, म्हणून वैद्यांनी पुटपाकाची रीत काढली. पाने गुंडाळायची, वर चिखलाचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायची आणि मग पिळायची. हा रस मधातून खोकल्यावर द्यायचा. या रसाची विज्ञानाने केलेली परीक्षा हा आजचा विषय.

1888 मध्ये डेव्हिड हूपर यांनी पानांत एक अल्कलॉइड असल्याचे दाखवून त्याला व्हॅसिसिन असे नाव दिले. पण ते शरीरात करते काय, हे पाहायला साधन हवे होते. ते 1904 मध्ये जर्मनीत रुडोल्फ मॅग्नस यांनी दिले. प्राण्याच्या आतड्याचा तुकडा कोमट क्षारद्रावात टांगायचा, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे. तुकडा कित्येक तास आपणहून आकसत-सैलावत राहतो. त्याला बांधलेली काडी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढते. द्रावात अर्काचे चार थेंब टाकले की रेघ चढते किंवा उतरते. आतडे, श्वासनलिका, गर्भाशय यांचे स्नायू आपल्या इच्छेने चालत नाहीत. पण ते या रेघेतून बोलू लागले.

कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधांची तपासणी हाती घेतली. परदेशी औषधांवरचा खर्च वाचावा, ही त्यांची तळमळ होती. 1925 मध्ये त्यांनी व घोष यांनी नोंदवले की व्हॅसिसिनने श्वासनलिका थोड्या सैलावतात. वैद्यांचा अनुभव खरा ठरला, असे तेव्हा अनेकांना वाटले. माझ्या मते ही घाई होती. परीक्षा झाली ती एका शुद्ध अल्कलॉइडची. पुटपाकाचा रस त्या काचपात्रात उतरलाच नव्हता.

पुढे 1959 मध्ये अमीन आणि मेहता यांनी याच झाडातील व्हॅसिसिनोन श्वासनलिका सैलावते असे दाखवले, तेव्हा गुंता वाढला. हवा लागली की व्हॅसिसिनचेच व्हॅसिसिनोन बनते. म्हणजे ताज्या पानाचा रस आणि दुकानातले वाळके पान ही दोन वेगळी औषधे! व्हॅसिसिनविषयी निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत, त्याचे एक कारण इथेच शोधावे लागेल.

दरम्यान व्हॅसिसिनचा साचा पुढे ठेवून जर्मनीत ब्रोमहेक्झिन घडवले गेले. 1963 पासून ते बाजारात आहे. गंमत अशी की ते स्नायू सैलावत नाही, कफ पातळ करते. चोप्रांना आयात थांबवायची होती, आणि कुंपणावरच्या झुडपाने परदेशी कारखान्याला माल पुरवला.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत अटल यांच्या गटाने व्हॅसिसिन गर्भाशयाच्या स्नायूवर पाहिले. तिथे तो स्नायू जोराने आकसला. श्वासनलिकेला सैल सोडणारे द्रव्य गर्भाशयाला आवळते. 1980 च्या सुमारास याच गटाने ते प्रसूतीचे व गर्भपाताचे औषध म्हणून मांडले. खोकल्याचा घरचा काढा गरोदर बाईपुढे ठेवणाऱ्याला ही नोंद ठाऊक असलेली बरी.