रमाबाईंचं उघडं दार

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकातल्या समाजसुधारणेचं प्रकरण चाललं होतं. पंडिता रमाबाईंवर मी नेहमीचं व्याख्यान दिलं: संस्कृतचं पांडित्य, विधवांसाठी काढलेलं शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, इतकी प्रश्न विचारणारी बाई. मग तिने एका धर्मावर श्रद्धा ठेवली, तेव्हा तिच्या प्रश्नांचं काय झालं?”

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. रमाबाईंचं देवदत्त नारायण टिळकांनी लिहिलेलं चरित्र मी वाचलं होतं. पण या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर त्यांची पत्रं वाचायला हवीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही पत्रं १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली आहेत. ती मी वाचायला घेतली आणि त्या मुलीच्या प्रश्नाने पुढे कित्येक वर्षं माझी पाठ सोडली नाही. आज तुमच्याशी बोलणार आहे ते त्याच प्रश्नाविषयी.

रमाबाईंच्या बालपणाची कहाणी आपल्याला ठाऊक आहे. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं. त्या आईने मुलीला शिकवलं. तीर्थामागून तीर्थं, पुराणकथन, आणि मग दुष्काळ. १८७४ साली वडील गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली. आईला स्मशानात न्यायला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंची पुरेना, म्हणून तिने तिरडीचा दांडा खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. पुढे बहीणही गेली. उरलेली दोघं बहीण-भाऊ हजारो मैल चालत अखेर १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, पण जुन्या देवांवरचा विश्वास वाटेतच कुठेतरी गळून गेला होता. दोन वर्षांत भाऊ वारला. बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२च्या फेब्रुवारीत नवराही गेला. तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या.

लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली ती सिलचरला, नवरा हयात असताना. पण पुस्तक आवडणं वेगळं आणि त्यावर जीव टाकणं वेगळं. १८८३ साली वैद्यक शिकायच्या इराद्याने त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा ख्रिस्ती होण्याचा विचार नव्हता. वाँटेजच्या जोगिणींकडे त्या उतरल्या. त्या जोगिणींचं लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाई ते पाहायला गेल्या. आपल्याकडे असल्या बाईची सावलीही टाळतात आणि इथे तिची शुश्रूषा करतात, हे कशाच्या बळावर, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, ती गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंच्या मनाची गाठ सुटली ती तिथे. पुढचं बौद्धिक काम नीळकंठशास्त्री ऊर्फ फादर नहेम्या गोरे यांच्या लिखाणाने केलं. हे गोरे काशीचे शास्त्री, स्वतः जन्मभर शंकांशी झगडलेले. मला यात गंमत वाटते. रमाबाईंना वाट दाखवायला पक्क्या मताचा कोणी मिळाला नाही, मिळाला तो असा मनुष्य.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पण त्याच वर्षी, त्याच घरात आणखी एक गोष्ट घडली होती. पुण्याहून बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने विष घेऊन जीव दिला. परका देश, बरोबरची एकुलती एक मराठी बोलणारी बाई अशी गेलेली, पदरात दोन वर्षांची पोर. शिवाय कानांनी ऐकू येणं कमी होत चाललेलं, त्यामुळे डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. माणूस खचायला याहून काय हवं? आणि मायदेशी बातमी पोचली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपून काढलं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंचे प्रश्न संपायला हवे होते. ते खरे सुरू झाले तिथून.

चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. वाँटेजला त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि कॉलेजात प्रमुख डॉरोथिया बील. या दोघींशी चाललेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना आपण एखाद्या वादसभेत बसलो आहोत असं वाटतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे? कुमारीजन्म मान्य केल्याशिवाय ख्रिस्ती होता येत नाही, असं बायबलात कुठे आहे? चर्चने सांगितलं म्हणून मानायचं, तर ब्राह्मणांनी सांगितलं म्हणून मानत होते त्यात आणि यात फरक काय? एका पुरोहितवर्गाचं जू आत्ता कुठे मानेवरून उतरवलं आहे, दुसरं इतक्यात चढवून घेणार नाही, असं त्या स्वच्छ लिहितात.

वाद केवळ तत्त्वांचा नव्हता. अंडं घातलेली पुडिंगं त्या खात नसत. सिस्टरला तो जातीचा अहंकार वाटे. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. लॅटिनच का, संस्कृत का नको, असं रमाबाईंनी विचारलं. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला घेतला गेला आणि त्यांनी नकार दिला. रमाबाईंना याचा संताप आला. सिस्टर जेराल्डीनवर मात्र माझा राग नाही. मानसकन्या मानलेली मुलगी हातातून निसटते आहे, ही धास्ती तिच्या ओळीओळीत दिसते. बीलबाई अधिक शहाण्या होत्या. शंका दाबली तर ती आत कुजेल, तिला बोलू द्या, अशी त्यांची धारणा होती.

बोलू दिल्याने काय झालं? इथेच मला त्या मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर सापडलं. ही सगळी भांडणं चालू असताना रमाबाईंची प्रार्थना थांबलेली नाही. मतं डळमळतात, पण शोमरोनी स्त्रीशी बोलणारा तो ख्रिस्त डळमळत नाही. त्याला त्यांनी धरलं आणि बाकीचं एकेक करून तपासायला घेतलं. सगळ्या शंका फिटल्यावर विश्वास ठेवू, असं त्यांनी म्हटलं नाही, आणि विश्वास ठेवला म्हणून शंका गिळूनही टाकली नाही.

त्यानंतर आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी १८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ साली गाजलं, बॉस्टनमध्ये मदतीसाठी संस्था उभी राहिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढल्या वर्षी ते पुण्याला आलं. सदनात धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, प्रत्येकीला आपापला धर्म पाळू द्यायचा, अशी अट होती. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर होते.

याच पुण्याच्या काळात, १८९१च्या सुमारास, विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं. हा पाद्री स्वतः प्रवचन देता देता पालटला, असं त्यात आहे. ते वाचून रमाबाईंना वाटलं की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त हाती लागलेला नाही. आपल्या वारकऱ्यांना ही तळमळ नवी नाही. पंढरीला जाऊनही विठ्ठल भेटला नाही अशी खंत करणारे भक्त आपल्याकडे थोडे झालेले नाहीत.

आणि मग १८९३ साल उजाडलं. रमाबाई सकाळी मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला, ‘केसरी’ने झोड उठवली. सल्लागारांचं म्हणणं असं की, आपल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करा, पण दार लावून करा.

हा मोह लहान नव्हता. दार ओढून घेतलं असतं तर सदन वाचलं असतं, रानड्यांसारखा माणूस पाठीशी राहिला असता. माझ्या खोलीत मी प्रार्थना कुठल्या स्थितीत करते, एवढाच तर प्रश्न. त्यांनी दार लावलं नाही. मी कोणाला बोलावत नाही, पण लपूनही करणार नाही, आणि मुलीला तिच्या धर्माचं स्वातंत्र्य असेल तर ते मलाही आहे, ही त्यांची भूमिका होती. रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले. वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. गाडी दाराशी यायची आणि विधवा पोरगी पुन्हा जुन्या अंधाऱ्या माजघरात जायची.

कोण चुकलं? इतकी वर्षं शिकवूनही मला एका वाक्यात सांगता येत नाही. निराधार, अल्पवयीन मुलींच्या बाबतीत आश्रय देणाऱ्याच्या उघड्या दारालाही एक ओढ असते, हे रानड्यांच्या बाजूने म्हणावं लागेल. वचन मोडल्याची त्यांची भावना खोटी नव्हती. पण स्वतःची श्रद्धा चोरून बाळगायची वेळ त्यांच्यावर कोणी आणली नव्हती, हेही खरं.

या धक्क्यानंतर त्या थांबल्या असत्या तर कोणी नाव ठेवलं नसतं. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. जवळ पैसा नव्हता, पुण्यात प्लेग. पण ही भूक त्यांनी स्वतः पाहिली होती. आईचा देह डोक्यावर घेतलेली ती सोळा वर्षांची मुलगी त्यांच्यात जिवंत होती. देवावर भार टाकून त्या गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून दौंडच्या अलीकडे केडगावला घेतलेल्या माळरानावर झोपड्या उभ्या राहिल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, अंध मुलींची शाळा, छापखाना. मात्र इथे धर्माबाबत तटस्थतेची जुनी अट उरली नव्हती. केडगाव उघड ख्रिस्ती होतं. वाँटेजला भांडणारी रमा केडगावच्या मुलींना तितकंच भांडू देत असेल का, असा प्रश्न मला पडतो. अभ्यासकांनीही तो विचारला आहे.

निवृत्तीनंतर एकदा पुणे-दौंड गाडीने केडगावला उतरलो. रमाबाई तिथेच विसावल्या आहेत. समाधीपाशी उभा असताना मला आठवत होती ती त्यांची शेवटची पंधरा-सोळा वर्षं. या वर्षांत त्यांनी एक अफाट काम अंगावर घेतलं होतं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साऱ्या बायबलाचं एकटीने मराठी भाषांतर. तेही पंडिती मराठीत नाही, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा भाषेत. जिच्या तोंडी संस्कृत श्लोक पाण्यासारखे वाहत, ती एकेक जड संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत होती. चर्चचे अर्थ तपासून पाहिल्याशिवाय न मानणारी वाँटेजची रमा मला इथे पुन्हा भेटते.

काम संपत आलं असताना, २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. शारदा सदनाची मुख्याध्यापिका, आईचे कान झालेली, पुढे सगळं जिच्या हाती सोपवायचं ती. आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता हीही. तेव्हा रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, ऐकू जवळजवळ येत नव्हतं, प्रकृती ढासळलेली.

त्या पुन्हा मुद्रितांवर बसल्या. काम पुरं व्हायला आणखी दहा दिवस मिळावेत अशी प्रार्थना त्यांनी केली होती, असं सांगतात. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२च्या पहाटे झोपेतच त्या गेल्या. छापलेलं संपूर्ण बायबल बाहेर आलं ते १९२४ साली. केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींनी खिळे जुळवले होते.