व्हिनेग्रेट
१. व्हिनेग्रेट म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील सुखवस्तू लोक दुर्गंधीवर आणि भोवळीवर उपाय म्हणून जवळ बाळगत असत ती चांदीची लहानशी नक्षीदार डबी होय. तिच्यात सुगंधी व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंजाचा तुकडा असे आणि त्यावर कोरीव जाळी बसवलेली असल्याने झाकण उघडताच वास घेता येई. मात्र आम्लाने चांदी झिजू नये म्हणून डबीला आतून सोन्याचा मुलामा देत. बर्मिंगहॅम हे या नाजूक कारागिरीचे प्रमुख केंद्र होते. तेथे १७७३ साली चांदीचा कस तपासणारे कार्यालय स्थापन झाले, आणि त्या कार्यालयाच्या जहाजी नांगराच्या चिन्हासोबत उमटवलेल्या वर्षाक्षरामुळे व कारागिराच्या आद्याक्षरांमुळे नॅथॅनियल मिल्स यांच्यासारख्या कुशल कारागिरांच्या डब्या आजही निश्चितपणे ओळखता येतात.