जीवाणुभक्षकांचे शुद्धीकरण

देरेल याने १९१७ साली जीवाणुभक्षकांचे वर्णन केले. परंतु ते विषाणू की किण्व, हा वाद १९४० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांची आकृती दाखवीपर्यंत चालला. फुटलेल्या जीवाणूंच्या अवशेषांतून ते निर्भेळ वेगळे काढणे मात्र कठीणच राहिले. १९५७ साली मेसेल्सन, स्टाल व विनोग्राड यांनी सीझियम क्लोराइडच्या द्रावणात रेणू घनतेनुसार विभागण्याची रीत मांडली. अतिवेगाने फिरणाऱ्या नळीत द्रावणाची घनता तळाकडे वाढत जाते. प्रथिने प्रतिघनसेंटिमीटर सुमारे १.३ ग्रॅम घनतेवर तरंगतात, डीएनए १.७ पर्यंत उतरते, आणि दोहोंनी घडलेला विषाणू १.५ च्या आसपास निळसर पट्ट्यात स्थिरावतो. १९६१ साली मेसेल्सन व वायगल यांनी जड समस्थानिकांनी भारलेल्या लॅम्डा विषाणूच्या अशाच पट्ट्यांवरून, संकरात गुणसूत्रे प्रत्यक्ष तुटतात, हे दाखविले. शुद्धीचे साधन अशा रीतीने प्रमाणाचे साधन झाले.