बंद सिलिंडरमध्ये डोकावणारी पेन्सिल

इंजिन वाफेचे असो, पेट्रोलचे असो की विहिरीवरचे डिझेलचे, त्याचे खरे काम सिलिंडरच्या आत चालते आणि नेमकी तीच जागा आपल्याला दिसत नाही. चाक फिरताना दिसते, धूर दिसतो, आवाज ऐकू येतो. पण आत दाब किती चढला, तो केव्हा चढला, झडप वेळेवर उघडली की नाही, हे कसे ओळखायचे? सिलिंडर उघडून पाहावा, तर त्यासाठी इंजिन थांबवावे लागते आणि थांबलेल्या इंजिनात दाबच उरत नाही. हा पेच दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका पेन्सिलीने सोडवला. त्या पेन्सिलीची गोष्ट आपल्या वर्गातील आलेखाच्या तासाशीही जोडलेली आहे.

काट्याऐवजी पेन्सिल

जेम्स वॉट यांनी १७६९ साली स्वतंत्र संघनकाचे पेटंट घेतले आणि पुढे मॅथ्यू बोल्टन यांच्या भागीदारीत इंजिने उभारली. त्यांच्या कमाईची पद्धत मोठी नामी होती. जुन्या न्यूकमेन इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा ते खाणमालकांकडून घेत. त्यामुळे इंजिन किती चांगले चालते हे मोजणे हा त्यांच्यासाठी रोजच्या व्यवहाराचा प्रश्न होता.

त्यासाठी वॉट यांनी एक लहानसे उपकरण वापरले. बोटभर सिलिंडर, त्यात दट्ट्या, दट्ट्यावर स्प्रिंग आणि वर काटा. हा छोटा सिलिंडर मोठ्या सिलिंडरला जोडला की आतील दाबाप्रमाणे काटा वरखाली होई. पण हलता काटा डोळ्याने किती टिपणार? दट्ट्या कोठे असताना काटा कोठे होता, हे ध्यानात ठेवणे अशक्यच.

१७९६ साली वॉट यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी काट्याच्या जागी पेन्सिल बसवली आणि तिच्यापुढे कागद लावलेली फळी ठेवली. ही फळी इंजिनाच्या दट्ट्याबरोबर आडवी मागेपुढे सरके, तर पेन्सिल दाबाबरोबर वरखाली होई. दोन्ही हालचाली एकत्र आल्या आणि कागदावर एक बंद आकृती उमटली. आडव्या दिशेने दट्ट्याची जागा, म्हणजेच वाफेचे आकारमान, आणि उभ्या दिशेने दाब. इंजिनाने स्वतःच स्वतःचा आलेख काढला!

आकृती काय सांगते?

समजा, आकृतीची वरची रेषा आडवी न राहता खाली उतरत गेली. याचा अर्थ वाफ आत येताना कोठेतरी अडते आहे. कोपरा टोकदार न येता गोल आला, तर झडप संथपणे उघडते किंवा मिटते आहे. खालची रेषा हवी तेवढी खाली गेली नाही, तर संघनकात पुरेशी निर्वात पोकळी होत नाही. इंजिन 'दमते' ही एकच तक्रार, पण तिची तीन कारणे तीन वेगळ्या आकारांत दिसतात. नुसता एक आकडा ही फोड करू शकत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ म्हणजे बल, आणि बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. दाब सतत बदलत असल्याने हा गुणाकार सरळ करता येत नाही. पण आकृतीने वेढलेले क्षेत्रफळ हेच ते कार्य असते. विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण घेऊ. आकृतीवरून सरासरी दाब ४,००,००० पास्कल निघाला, दट्ट्याचे क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर आणि धाव ०.६ मीटर असेल, तर एका फेरीतील कार्य १२,००० ज्यूल. सेकंदाला एक फेरी होत असेल, तर शक्ती १२ किलोवॅट, म्हणजे सुमारे १६ अश्वशक्ती.

कुलपातले ज्ञान

एवढी उपयुक्त युक्ती. पण बोल्टन आणि वॉट यांनी ती धंद्यातील गुपित म्हणून जपली. छापील स्वरूपात ती लोकांपुढे आली १८२२ साली, लंडनच्या एका विज्ञान नियतकालिकातील पत्रातून. तोवर २६ वर्षे लोटली होती. त्यानंतरही ती फारशी पसरली नाही. वाफेच्या इंजिनावर मोठा ग्रंथ लिहिणारे इंग्रज अभियंते जॉन फॅरी यांना हे उपकरण प्रत्यक्ष पाहायला मिळाले, ते रशियाच्या प्रवासात!

या काळात फ्रान्समध्ये सादी कार्नो हा तरुण अभियंता एका मूलभूत प्रश्नावर विचार करीत होता. उष्णतेपासून जास्तीत जास्त किती कार्य मिळू शकेल? १८२४ साली त्याचे छोटे पुस्तक निघाले. त्यात दाब आणि आकारमान यांचा आलेख नव्हता. पुस्तकाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, आणि १८३२ साली कार्नो वारला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, एमिल क्लापेरॉन यांनी कार्नोचा विचार दाब आणि आकारमान यांच्या बंद आकृतीत मांडला. केल्विन यांना कार्नोची ओळख झाली ती क्लापेरॉन यांच्या या लेखातूनच. आज अकरावी-बारावीच्या पुस्तकात ऊष्मागतिकीच्या प्रकरणात जी आकृती असते, ती हीच. सदर्न यांची आकृती १७९६ पासून खुली असती, तर हे किती आधी घडले असते, याचा नुसता अंदाजच करता येतो. एक मात्र स्पष्ट आहे. कारखान्यातील पेन्सिलीने काढलेला आकार खुला झाला, तेव्हाच त्यातून विज्ञान उभे राहिले.

वेग वाढला, पेन्सिल थरथरली

पुढे इंजिने वेगवान झाली. जड दट्ट्या आणि लांब स्प्रिंग असलेले जुने दर्शक यंत्र या वेगात स्वतःच हेलकावे खाऊ लागले आणि रेषा नागमोडी येऊ लागली. अमेरिकेतील चार्ल्स रिचर्ड्स यांनी दट्ट्याची हालचाल अगदी थोडी ठेवून ती हलक्या दांड्यांनी मोठी करून कागदावर उतरवली. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात हे यंत्र गाजले.

१० ऑगस्ट १८९३ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल आपल्या पहिल्या इंजिनाची चाचणी घेत होते. दाबलेल्या तप्त हवेत इंधन सोडताच ते ठिणगीवाचून पेटले. दाब सुमारे ८० वातावरणांपर्यंत चढला आणि दर्शक यंत्राच्या ठिकऱ्या उडाल्या. डिझेल थोडक्यात बचावले. यंत्र गेले, पण आपली कल्पना खरी आहे याचा पुरावा त्यांना मिळाला. १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी सुधारित इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली.

पेन्सिलीची जागा अखेर स्फटिकाने घेतली. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. १८९७ मध्ये कार्ल ब्राउन यांची ऋणकिरण नलिका आली. स्फटिक आणि पडदा एकत्र आले की जड असे काही हलावे लागत नाही. त्यामुळे थरथरही जवळपास नाहीशी होते.

आजच्या गॅरेजमधील लाट

आज चांगल्या गॅरेजमध्ये मेकॅनिक मोटारीच्या एका सिलिंडरचा स्पार्क प्लग काढतो, त्या भोकात दाबाचा संवेदक बसवतो आणि इंजिन चालवतो. त्या सिलिंडरमध्ये ज्वलन होत नाही. बाकीचे सिलिंडर त्याला फिरवतात. पडद्यावर आडव्या दिशेने आता आकारमान नसून वेळ असतो. मिनिटाला ६०० फेऱ्या असतील, तर चार धावांचे एक चक्र ०.२ सेकंदात पुरे होते.

या लाटेत दाबाचा एक उंच मनोरा दिसतो. दट्ट्या वर येताना हवा दाबली जाते, खाली जाताना प्रसरण पावते. सिलिंडर घट्ट बंद असेल, तर मनोऱ्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या येतात. उष्णता भिंतीत गेल्याने थोडा फरक पडतो, इतकेच. पण रिंग किंवा झडपेतून हवा गळत असेल, तर खाली येताना आत हवा कमी उरते. मग उतरती बाजू चढत्या बाजूपेक्षा लवकर घसरते. टायमिंग बेल्टचा एखादा दात सरकला असेल, तर झडप उघडण्याची खूण जागा सोडते. सायलेन्सरची वाट तुंबली असेल, तर धूर बाहेर पडतानाची रेषा वातावरणाच्या दाबाजवळ न राहता वर चढते.

साध्या कॉम्प्रेशन गेजवर सर्वांत मोठा दाब तेवढा कळतो. 'कमी आहे' हे ते सांगते; का कमी आहे, ते सांगत नाही. लाटेलाही मर्यादा आहेत. गळती रिंगची की झडपेची, हे ठरवायला सिलिंडरमध्ये हवा भरून ती कोठून निसटते याचा कानोसा घ्यावा लागतो. पण संशयाचे वर्तुळ लहान होते आणि विनाकारण इंजिन उघडण्याचा खर्च वाचतो.

वर्गात करून पाहा

शिक्षकमित्रांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. २० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या. दट्ट्या शेवटच्या खुणेपर्यंत ओढून तोंड घट्ट बंद करा आणि सिरिंज उभी पकडा. दट्ट्यावर एकेक वजन ठेवत जा आणि प्रत्येक वेळी आकारमान नोंदवा. मग वजने एकेक करून उतरवा. घर्षण सोडवण्यासाठी दर वेळी सिरिंजला हलकी टिचकी मारावी. दोन्ही नोंदींचा आलेख एकाच कागदावर काढा. आता तोंडाचे बूच किंचित सैल करून तोच प्रयोग पुन्हा करा. या वेळी उतरतानाची रेषा पहिल्या जागी परत येणार नाही. हवा कोठून गेली हे मुलांनी पाहिलेले नसेल, पण गळती झाली हे आलेखावरून त्यांनाच सांगू द्या.